आगोटीत आलेलं वादळ



रेडिओच्या ताईंनी मला सांगितलं, तुम्ही ३ जून २०२० च्या निसर्ग वादळावर बोला. मी त्यांना म्हटलं, वादळावर सगळेच बोलले आहेत. किती वारा होता, किती झाडं पडली, कोणाचे पत्रे कुठे जाऊन पडले. ते आता पाहुण्यांना सांगून सांगून पाठ झालंय. पण वादळ आमच्या गावावर होतं ते चार-पाच तास. त्याआधी दोन दिवस आणि दोन रात्री आम्ही नुसती त्याची वाट बघत होतो, आणि त्या दोन दिवसांबद्दल मला कोणी विचारत नाही. बाईमाणसाला विचारलं तर ती सांगेल, की खरं अवघड तेच होतं. म्हणून मी त्याबद्दल बोलणार आहे. मधेमधे भरकटले तर सांभाळून घ्या, मला लिहून आणून वाचायची सवय नाही.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या अलीकडे. घरामागे बारा गुंठ्यांची वाडी. त्यात तेव्हा सव्वाशे पोफळी होत्या, चौदा माड, दोन जायफळी, माडांवर चढवलेले मिरीचे वेल आणि विहिरीजवळ केळी. आमच्याकडची रोठा सुपारी तुम्हाला माहीतच आहे. घरात त्या वेळी आम्ही चौघं, म्हणजे सासूबाई, आमचे हे, धाकटी मुलगी आणि मी. थोरला मुलगा डोंबिवलीला नोकरीला. लॉकडाऊन लागला तेव्हा तो तिकडेच अडकला. गोठ्यात एक गाय, ती गाभण.

आता मे संपून जून लागतो तेव्हा कोकणातल्या घरात काय चाललेलं असतं ते आठवा. आगोट! पावसाळ्याचे चार महिने बाहेर पडायला मिळणार नाही, म्हणून सगळी बेगमी त्याच दिवसांत करायची. लाकूडफाटा आत घ्यायचा, गोवऱ्या माळ्यावर टाकायच्या, तांदूळ-कुळीथ उन्हं देऊन डब्यात भरायचे, सुकट-बोंबील बांधून ठेवायचे, कौलं परतायची. आणि सगळ्यात शेवटी उरतात ती आमसुलं. रतांबे उशिरा पिकतात. सालं काढायची, मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. असं सहा-सात दिवस केलं की आमसूल काळंभोर होतं. मधेच ऊन गेलं तर बुरशी धरते आणि सगळी मेहनत पाण्यात. १ जूनला माझ्या अंगणात चार तट्ट्यांवर आमसुलं होती आणि त्यांना चौथं पुट झालेलं होतं. वादळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा ती आमसुलं येतात, लाटा नाही.

सोमवारी, १ जूनला, मुलाचा डोंबिवलीहून फोन आला. "आई, अरबी समुद्रात काहीतरी तयार झालंय, बातम्यांत रायगडचं नाव घेतायत." मी म्हटलं, "अरे, दर वर्षी घेतात." फयान आलं होतं २००९ च्या नोव्हेंबरात, त्यानंतर बरीच नावं ऐकली. कोणी ओमानकडे गेलं, कोणी गुजरातकडे. आपल्याकडे येतंय येतंय म्हणतात आणि बाहेरच्या बाहेर निघून जातं, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. त्यात दोनच आठवड्यांपूर्वी बंगालमध्ये अम्फान येऊन गेलेलं. वादळं तिकडे व्हायची, हे जणू ठरलेलंच होतं आमच्या मनात.

मंगळवारी सकाळी मात्र ग्रामपंचायतीची रिक्षा लाउडस्पीकर लावून फिरली. वादळाला नाव मिळालं होतं, निसर्ग. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. आपल्या बाजूच्या तेरा देशांनी मिळून नावांची नवी यादी केली होती, तिच्यातलं हे पहिलंच. आमच्या आळीतल्या एक आजी रिक्षावाल्याला विचारत होत्या, "निसर्ग येणार म्हणजे काय रे? निसर्ग इथेच तर आहे!" आम्ही सगळ्या खूप हसलो. तोंडाला मास्क, त्यामुळे कोण किती हसतंय ते दिसत नव्हतं. दुपारपर्यंत ते हसू गेलं. वारा ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर, बुधवारी दुपारी, अलिबाग आणि आसपास. आसपास म्हणजे आम्ही.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या क्षणाला माणूस काय करतं? काही नाही हो. मी तट्ट्यांवरची आमसुलं परतवली. कारण ऊन होतं! मंगळवारी दुपारी चक्क ऊन होतं. आभाळ थोडं धुरकट आणि हवा इतकी कोंदलेली की पदराने वारा घेतला तरी गरम लागावा. पान हलत नव्हतं. समुद्राची गाज मात्र नेहमीच्या जागेवरून येत नव्हती. आमच्या घरातून ती एरवी पश्चिमेच्या खिडकीशी ऐकू येते. त्या दिवशी ती माजघरात ऐकू येत होती, जमिनीतून आल्यासारखी. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "दर्या बरा नाही आज."

त्या दिवशी निर्जला एकादशी. सासूबाई वयाच्या पंच्याहत्तरीतही ती करायच्या, पाण्याचा थेंब न घेता. मी म्हटलं, "या वर्षी राहू द्या, उद्या काय होईल सांगता येत नाही, अंगात ताकद हवी." तर म्हणाल्या, "उद्याचं उद्या. आज एकादशी आहे." यावर काय बोलणार!

मग आम्ही कामाला लागलो. वीज जाणार हे नक्की होतं, आणि वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद. म्हणून आधी पाणी. हंडे, कळशा, पिंप, बादल्या, मोठी पातेली, इतकंच काय लाडवांचे डबेसुद्धा भरले. मुलगी म्हणाली, "आई, एवढं पाणी कशाला, पाऊसच तर पडणार आहे." तिला म्हटलं, पावसाचं पाणी अंगणात पडतं, पिंपात नाही. पुढे महिनाभर वीज आली नाही आमच्याकडे. रहाट केव्हाच काढून टाकलेला. दोरीने पाणी शेंदून शेंदून हाताची सालं गेली तेव्हा तिला ते भरलेलं पाणी आठवलं.

मग पीठ. गिरणीवर ही रांग! अंतर ठेवून उभं राहायला चुन्याची वर्तुळं काढली होती लॉकडाऊनमध्ये, त्यात कोणी उभं राहीना. प्रत्येकीला आधी पीठ हवं होतं. मग रॉकेल, मेणबत्त्या, काड्यापेट्या, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. मोबाईल, बॅटऱ्या चार्जिंगला. रेशनकार्ड, सातबारा, आधार, मुलीची मार्कशीट, बँकेचं पुस्तक हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात, डबा तांदळाच्या कोठीत. ह्यांनी नारळ काढणाऱ्याला बोलावून माडांवरचे सुटे नारळ आणि वाळलेल्या झावळ्या उतरवून घेतल्या. वाऱ्यात एक नारळ सुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा लागतो. न्हाणीघरावर पत्रे होते, ते काथ्याने आवळून बांधले, वर वाळूची पोती ठेवली. मुख्य घर कौलारू, त्याला काय बांधणार? कौलांना हात जोडायचे.

ही कामं चालू असताना भीती वाटत नव्हती असं नाही. पण हात रिकामे नसले की ती बाजूला उभी राहते, अंगावर येत नाही. रात्री ती अंगावर आली. सगळं आवरलं, भांडी झाली, अंथरुणं घातली आणि मग कळेना की आता काय करायचं. वारा नाही, पाऊस नाही, नुसता काळोख. ह्यांनी रेडिओ लावला, बंद केला, परत लावला. मुलगी मोबाईलवर ते फिरणारं चित्र बघत होती, मधे भोक असलेलं पांढरं चक्र. ती मला समजावत होती की समुद्राचं पाणी फार तापलं की त्याची वाफ वर चढते, खालची जागा भरायला चहूकडून वारा धावतो आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तो सरळ न जाता गोल फिरायला लागतो. आपल्या बाजूला तो घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. "म्हणजे आई, आधी आपल्याकडे वारा डोंगराकडून येईल, आणि वादळाचं पोट पुढे सरकलं की समुद्राकडून." मी हो हो म्हणत होते. माझं अर्धं लक्ष आमसुलांत, ती मी मांगरात नेऊन ठेवली होती. पण तिचं हे बोलणं दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडलं.

त्या रात्रीचा मोठा प्रश्न होता, उद्या जायचं कुठे. किनाऱ्यालगतच्या आणि कच्च्या घरांतल्या लोकांना शाळेत हलवत होते. पण शाळेत मुंबईहून आलेली माणसं चौदा दिवसांसाठी ठेवलेली! त्यांना एका बाजूच्या वर्गांत सरकवलं होतं, तरी शाळा तीच, संडास तोच, नळ तोच. सासूबाईंचं वय पंच्याहत्तर. घरात राहावं तर छप्पर, शाळेत जावं तर करोना. आम्ही नवरा-बायको रात्री एक वाजेपर्यंत कुजबुजत होतो. आवाज चढत होता, परत खाली येत होता. हे म्हणत होते घर सोडायचं नाही. मी म्हणत होते सोडायचं. आत सासूबाई जाग्याच होत्या. त्या अंधारातून म्हणाल्या, "माझ्यावरून भांडू नका. मी इथेच बरी."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी म्हातारं माणूस बोलतं. आणि त्यावर काय करावं ते मला त्या रात्री तरी सुचलं नाही. मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन पडले.

बुधवारी पहाटे वारा लागला. फार नाही, माड डोलण्याइतका, पण पूर्वेकडून. जूनमध्ये आमच्याकडे पूर्वेचा वारा! पाऊसही तिरका, डोंगराकडून येणारा. सासूबाई उठल्या, आंघोळ केली. द्वादशीचं पारणं सकाळीच सोडायचं होतं. त्यांनी मला वरण-भात, भाजी आणि चिमूटभर गूळ एवढा नैवेद्य करायला लावला. बाहेर वाऱ्याचा आवाज वाढतोय आणि मी चुलीवर वरणाला फोडणी देतेय. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या पोटात दुसरं काही गेलं नाही. ते वरण-भातच पुरलं.

जेवता जेवता सासूबाईंनी हिशोब केला. आपल्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीचे पाऊणपट. द्वादशी म्हणजे बाराचे पाऊणपट नऊ. "नऊ-दहाच्या सुमाराला भरती पुरी होईल. मग ओहोटी लागेल. वारा दुपारी येणार म्हणतायत ना? मग पाणी घरात नाही शिरायचं. वाऱ्याचंच काय ते बघा." पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. ते वादळ भरतीच्या वेळी आलं असतं तर किनाऱ्यावरच्या आळीचं काय झालं असतं, देव जाणे. ते ओहोटीत आलं. टीव्हीवरचा माणूस जे सांगत नव्हता ते आमच्या म्हातारीने बोटांवर मोजून सांगितलं, आणि त्या एका हिशोबाने माझा अर्धा जीव खाली बसला.

जायचं कुठे हेही त्या सकाळी आपोआप सुटलं. शेजारचे चुलतदीर आले आणि म्हणाले, आमच्या स्लॅबच्या घरात या. आमच्या आळीत स्लॅबचं घर तेवढं एकच. सासूबाई आधी नाही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "देव नेता येतील?" दीर म्हणाले, "काकी, देव, पाट, समई, सगळं न्या." मग त्या उठल्या. रात्रभर आम्ही करोना, छप्पर, शाळा यावर डोकं फोडत होतो, आणि त्यांची अडचण देवांची होती. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

निघताना मी गाईचं दावं सोडलं. गोठ्यात बांधलेलं जनावर गोठा पडला तर जागच्या जागी मरतं, मोकळं असलं तर ते आपली जागा शोधतं. हे मला माहीत होतं, तरी गाभण गाईला वाऱ्यात सोडून देताना हात थरथरले. तिला कळेना काय झालंय. ती दारातच उभी राहिली, माझ्याकडे बघत.

स्लॅबच्या त्या एका घरात आम्ही सतरा माणसं जमलो. सगळ्यांना मास्क, सगळ्यांच्या मांडीला मांडी. साडेअकराच्या सुमाराला दरवाजे लावून घेतले. दिराने माणसं मोजली. कुठल्या घरातले किती आले, कोण शाळेत गेलं, असं बोलणं चाललं होतं. आणि मला एकदम वाटलं, पलीकडच्या टोकाच्या काकू कुठायत?

या काकू एकट्या राहायच्या. मुलं मुंबईला. ऐंशीच्या घरात वय, कानाला कमी ऐकू यायचं. मी विचारलं, "काकूंना कोणी आणलं?" जाऊबाई म्हणाल्या, "त्या शाळेत गेल्या असतील." कोणीतरी म्हणालं, "मला वाटलं तुमच्याकडे आहेत." आमचे हे म्हणाले, "मी तर समजलो चुलत्यांनी नेलं." प्रत्येकाला वाटलं होतं दुसऱ्याने नेलं. लाउडस्पीकरची रिक्षा त्यांच्या दारावरून चारदा गेली होती, पण त्यांना ती ऐकू कशी येणार! आणि मी काल दिवसभर त्यांच्या कुंपणाजवळून पाणी, पीठ, लाकडं घेऊन ये-जा करत होते. एकदाही आत डोकावले नव्हते. माझी आमसुलं होती ना.

हे आणि शेजारचा एक मुलगा दोघे निघाले. वारा तोवर असा झाला होता की उभं माणूस ढकललं जावं. दोनशे पावलांचं अंतर, पण त्यांना परत यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी काय केलं ते मला अजून नीट आठवत नाही. मुलगी सांगते की मी तिथल्या कोपऱ्यातले लसूण घेऊन सोलत बसले होते. दिराच्या घरचे लसूण, कोणी सांगितलेलं नसताना. पाव किलो सोलले म्हणे.

काकू सापडल्या त्या मागच्या पडवीत, दार आतून लावून, रतांबे फोडत बसलेल्या. पाऊस लवकर लागला म्हणून चिडलेल्या. ह्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. त्यांच्या घराची मागची भिंत दुपारी पडली, नेमकी पडवीवर.

वादळाचं मी सांगणार नाही म्हटलं होतं, तरी थोडं सांगते. साडेबारा-एकपासून जे सुरू झालं त्याला आवाज म्हणायचा तर जात्यावर कोणीतरी डोंगर दळतंय असा. पोफळी मोडताना फटाक्यासारख्या वाजतात. आधी एक, मग दोन-तीन, मग माळ लागल्यासारख्या. ह्यांनी पहिल्या काही मोजल्या. मग मोजायचं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारी मधेच वारा थोडा पडल्यासारखा झाला. दोघे-तिघे लगेच उठले, घर बघून येतो म्हणून. माझी मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली. अठरा वर्षांची पोर, कधी मोठ्यांसमोर आवाज न चढवणारी, ओरडली, "कोणी जायचं नाही! आता समुद्राकडून येईल!" आणि आला. पहिल्या वाऱ्याने जी झाडं पश्चिमेला कलली होती ती दुसऱ्याने उलट फिरवून मोडली. बाहेर गेले असते तर ते अंगणात सापडले असते.

संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो. घरावरची निम्मी कौलं गेली होती. मांगर बसला होता, आमसुलांसकट. वाडीत सव्वाशे पोफळींतल्या एकतीस उभ्या होत्या, माड नऊ. आमच्या वाडीत दिवसा काळोख असायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला तिथे जायची भीती वाटायची इतकी दाट सावली. त्या संध्याकाळी घराच्या मागच्या दारातून सरळ समुद्र दिसला. तीस वर्षांत मी तो तिथून कधी पाहिला नव्हता. सासूबाईंनी बघितला, आत आल्या, देव परत देव्हाऱ्यात मांडले आणि दिवा लावला. त्यातल्या कितीतरी पोफळी त्यांनी स्वतः लावलेल्या होत्या, कमरेवर कळशीने पाणी आणून.

गाय रात्री आठला आली. कुठे होती ते तिलाच ठाऊक. अंगावर ओरखडे होते, बाकी बरी.

शुक्रवारी वटपौर्णिमा होती. देवळामागचा आमचा वड आडवा झाला होता. काहीजणी म्हणाल्या, या वर्षी घरीच कागदावरच्या वडाची पूजा करू. पण सकाळी बघितलं तर एकेक करत सगळ्या तिथेच आलेल्या. फेरे घालता येईनात, मुळांचा एवढा मोठा पसारा वर आलेला. मग पडलेल्या खोडावरूनच दोरा टाकला, एकीने या बाजूने टाकायचा, दुसरीने त्या बाजूने झेलायचा. फणसाचे गरे मात्र भरपूर होते. झाडंच पडली होती ना फणसांची.

एक सांगायचं राहिलं. बुधवारी सकाळी अकराला मुलाशी फोनवर शेवटचं बोलणं झालं, आणि टॉवर गेला. मग त्याला आमची खबर नाही, आम्हाला त्याची नाही. तो तिकडे टीव्हीवर दिवेआगरचं नाव ऐकतोय आणि फोन लागत नाही. पाचव्या दिवशी तो मोटारसायकलवरून आला, पास काढून, झाडं तोडत चाललेल्या माणसांच्या मागोमाग. अंगणात आला आणि कोणाशी बोलायच्या आधी त्याने कौलांकडे बघितलं. मग मला म्हणाला, "आई, तुम्ही दोन दिवस वाट बघितली असेल, मी पाच दिवस बघत होतो." मला हे सुचलंच नव्हतं. आपण वाऱ्याच्या तोंडाशी असतो तेव्हा वाटतं, सगळी काळजी आपल्याच वाट्याला आली आहे.

भरपाईचं विचारतात लोक, म्हणून तेही सांगून टाकते. बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. माझ्या बारा गुंठ्यांचं तुम्हीच काढा. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सहा वर्षं जातात. कोकणातल्या वाड्या हेक्टरात मोजल्या की अशा पुसून जातात, कारण आमच्याकडे कोणाची पाच गुंठे, कोणाची दहा. मेळ बसवताना घरातल्या बायकांनी काय काय केलं ते पुन्हा कधीतरी सांगेन. त्यातल्या आठजणी मिळून आम्ही त्या वर्षी आमसुलं आणि आगळ विकायला लागलो, पडलेल्या रातांब्यांच्या झाडांवरची फळं वाया जाऊ नयेत म्हणून.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते आलं. परत तेच, दोन दिवस वाट बघणं. ते बाहेरून, समुद्रातून वर गुजरातकडे गेलं. आमच्याकडे वारा-पाऊस झाला, दोन माड गेले, पण निभावलं. त्या वेळी आम्ही बायकांनी एक केलं. रिक्षा फिरायच्या आधी आळीतल्या घरांची वाटणी केली. ज्या घरात एकटं किंवा म्हातारं माणूस आहे त्या घराला एक बाई नेमून दिली. तिने स्वतः दारात जाऊन, हाताला धरून आणायचं. "गेले असतील" हा शब्द चालणार नाही. काकू माझ्या वाटणीला आल्या. मी त्यांना आणायला गेले तर म्हणतात, "वारा तर नाही अजून. एवढी तट्टी भरून होऊ दे." मी त्यांच्या शेजारी बसले आणि दोघींनी मिळून तट्टी भरली, मग निघालो. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या गेल्या, अंथरुणात, झोपेत.

सासूबाई आता ऐंशीच्या आहेत. गुडघे धरलेत, पण एकादशी सोडलेली नाही. २०२० च्या पावसातच आम्ही नवीन पोफळी लावल्या. त्यांनी प्रत्येक खड्ड्यात पहिली मूठ माती स्वतः टाकली, खुर्ची उचलून आम्ही एका खड्ड्याकडून दुसऱ्याकडे नेत होतो. त्यातल्या सात पोफळींना या वर्षी पहिल्यांदा शिपुट आलंय. मुलगी आता पुण्याला असते. मे लागला की तिचा रोज फोन, "हवामान खात्याचं बघितलंस का?" मी बघते. मोबाईलवर बघते, आणि मागच्या दारात उभी राहून वारा कुठून येतोय तेही बघते. अजूनही त्या दारातून थोडा समुद्र दिसतो, पण पोफळी वाढतायत.

आमसुलं या वर्षीही तट्ट्यांवर आहेत, आज पाचवं पुट. रेकॉर्डिंगला येताना शेजारणीला सांगून आलेय, आभाळ आलं तर आत घे म्हणून. तर मी आता निघते.